रिकामा रकाना

“मग जुन्या फाईलीतले बाकीचे कागद नव्या फाईलीत कोण घालतं?” वनमालाताईंनी विचारलं, आणि वर्गातल्या उरलेल्या अकरा जणांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी व्हायला सात मिनिटं होती.

मी फळ्यापाशी उभी होते आणि त्यावर मीच लिहिलेले पाच शब्द होते: गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट. मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयाची सगळी कागदी नोंद संगणकावर नेण्याचं काम आमच्या अंधेरीच्या कंपनीकडे आलं होतं आणि ते करणारी मी, ऋतिका, वय सत्तावीस. खरं तर नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसांना हे पाच शब्द कळण्याची काडीचीही गरज नव्हती. त्यांनी बटण दाबावं, पडद्यावर हिरवी खूण आली की पुढच्या पेशंटला बोलवावं, संपलं. पण मला शिकवायची हौस दांडगी. आपल्याला येतं ते चार लोकांना दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

तर मी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही पडद्यावर काहीही दाबलंत तरी मागे सर्व्हरकडे एक मागणी जाते, आणि काय करायचं ते तिच्यावर एका शब्दात लिहिलेलं असतं. गेट म्हणजे फक्त बघायला द्या, शंभर वेळा बघा, आत काही बदलत नाही. पोस्ट म्हणजे नवी फाईल उघडा. चुकून दोनदा पाठवलं तर एकाच माणसाच्या दोन फाईली. पुट म्हणजे या नंबराच्या जागी ही अख्खी फाईल ठेवा, आधीची काढून. पॅच म्हणजे तेवढा एकच रकाना बदला, बाकी हात लावू नका. आणि डिलीट म्हणजे काय ते सांगायला नको.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वनमालाताई मात्र वहीत लिहून घेत होत्या. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलेली ही बाई, सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्यावर वही ठेवून माझे पाच शब्द आपल्या भाषेत उतरवत होती. गेटपुढे तिने लिहिलं होतं, ‘फाईल बघायला आलेल्या डॉक्टरने पेन खिशात ठेवायचं.’ पॅचपुढे, ‘चुकीवर पट्टी चिकटवणे, शेजारी सही.’ पुटपाशी येऊन तिचं पेन थांबलं होतं, आणि तिथूनच तो प्रश्न आला.

“ते सिस्टम बघून घेते, ताई,” मी म्हटलं.

“सिस्टम म्हणजे कोण?”

“म्हणजे मीच की.” सगळे हसले. मीही हसले आणि फळा पुसला.

वनमालाताई परब राहायच्या भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत. सासरे गिरणीत होते, नवरा जयवंत एका छापखान्यात. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. या गोष्टी मला त्यांनी सांगितल्या नाहीत, चहावाल्याने सांगितल्या. त्या स्वतः बोलायच्या त्या फाईलींबद्दल, आणि बोलता बोलता मालवणीवर यायच्या. एकेचाळीस हजार फाईली, आणि प्रत्येक फाईलीच्या कण्यावर पेशंटच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे. ज्याला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे त्याच्या फाईलीच्या कण्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. ती रेघ सरकारी नव्हती, डॉक्टरांची नव्हती, वनमालाताईंची होती. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनच्या फाईली त्या आदल्या दुपारी काढून ठेवायच्या आणि लाल रेघेच्या सगळ्यांत वर ठेवून शस्त्रक्रिया विभागात पाठवायच्या.

त्यांची आणखी एक रीत होती. ज्याला ॲलर्जी नाही त्याच्या पहिल्या पानावर बाकीच्या रुग्णालयांत तो रकाना कोरा सोडतात. ताई तिथे लिहायच्या, ‘विचारलं, नाही.’ प्रत्येक फाईलीवर, न चुकता. जुन्या नोंदी संगणकात भरताना आमच्या टंकलेखन करणाऱ्या मुलींनी तेच शब्द जसेच्या तसे भरले आणि मी त्यावर वैतागले होते. नुसतं ‘नाही’ पुरलं नसतं का, एवढे शब्द साठवायचे कशाला? पण वेळ कमी होता, म्हणून राहू दिले. माझ्या हातून त्या कामात एवढीच एक गोष्ट बरोबर झाली, आणि तीही आळसाने.

नवी यंत्रणा सुरू झाली. पेशंटसाठी मोबाइलचं ॲपही केलं होतं, त्यावरून पत्ता, फोन नंबर वगैरे घरबसल्या बदलता यायचा. झकास चाललं होतं. अकराव्या दिवशी, शनिवारी, तळघर रिकामं करायचं ठरलं. सगळ्या फाईली खोक्यांत भरून भिवंडीच्या गोदामात जाणार, ट्रक चार वाजता. एकदा तिथे गेलं की एक फाईल परत मागवायला आठ दिवस लागणार होते. सोमवारी सकाळी तळघरात फरशीवाले येणार होते, डायलिसिसची नवी यंत्रं बसवायची होती. ताईंची निवृत्ती महिनाअखेरीस. सगळं कसं वेळेवर बसवलेलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास त्यांचा फोन आला. खाली ये म्हणाल्या, एवढंच.

तळघरात निम्मे रॅक ओस पडले होते. हमाल खोकी बांधत होते आणि त्यांचा मुकादम सहदेव मला बघून म्हणाला की या मावशींनी आमचा जीव खाल्लाय, प्रत्येक खोक्यावर खडूने रॅकचा नंबर पाहिजे, आणि आत फाईली ओळीनेच पाहिजेत. गोदामात कुत्रं बघणार नाही, तरी पाहिजेत. ताईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसल्या होत्या.

सोमवारच्या ऑपरेशनची यादी आता संगणकच करत होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी सवयीने त्या यादीतलं एकेक नाव उघडून बघत होत्या. बघितल्याने काही बदलत नाही असं तूच शिकवलंस ना, त्या मला म्हणाल्या. आणि पडद्यावरच्या एका नोंदीवर बोट ठेवलं. कृष्णाबाई, भांडुप गावातली कोळीण, वय बासष्ट, पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन, सोमवारी सकाळी नऊ. ॲलर्जीचा रकाना कोरा होता.

“नसेल तिला ॲलर्जी,” मी म्हटलं.

“नसती तर ‘विचारलं, नाही’ असतं. माझ्या खोलीत रिकामो रकानो नसता गो. रिकामो म्हणजे कोणी पुसलेलो.”

त्या उठल्या. खोक्यांच्या रांगेत खडूचे आकडे वाचत गेल्या, एका खोक्याची दोरी सहदेवकडून सोडवून घेतली आणि तिसऱ्या मिनिटाला फाईल माझ्या हातात दिली. कण्यावर लाल रेघ होती. आत पहिल्या पानावर ताईंचं ठसठशीत अक्षर: पेनिसिलिन. चेहरा सुजला, श्वास कोंडला.

मी लॅपटॉप उघडला. यंत्रणा सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी कृष्णाबाईंच्या मुलीने ॲपवरून आईचा फोन नंबर बदलला होता. बदल बरोबर पोहोचला होता, हिरवी खूणही आली होती. मग मी त्या मागणीवरचा शब्द वाचला. तिथे पॅच हवं होतं, आणि मी लिहिलं होतं पुट. ॲप पाठवत होतं नाव, नंबर आणि फोन, एवढंच, आणि सर्व्हर आज्ञाधारकपणे जुनी नोंद काढून त्या जागी ही तीन रकान्यांची नोंद ठेवत होता. जे पाठवलं नाही ते कोरं. आधीच्या एका कामातून ॲपचं हे पान मी जसंच्या तसं उचललं होतं. त्या कामात मुळात रकानेच तीन होते, म्हणून तिथे कधी काही बिघडलं नव्हतं. तपासतानाही मी फोन नंबर बदलला की नाही एवढंच पाहिलं. बाकीचं जागेवर आहे का, हे पाहायचं मला सुचलं नाही.

फाईलीतले बाकीचे कागद कोण घालतं, हे वर्गात एकाच बाईने विचारलं होतं.

लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या रोजनिशीत, कुणाची नोंद कधी बदलली ते होतं. एकूण दोनशे चौदा माणसं. रोजचा बॅकअप होता, पण मागच्या सात दिवसांचाच. त्यातून एकशे त्रेपन्न जणांचे रकाने परत आणता येत होते. पहिल्या चार दिवसांत ज्यांनी ॲप वापरलं त्या एकसष्ट जणांचं जुनं काही कुठेच उरलं नव्हतं. पहिल्या दिवसाची एक प्रत मी बाजूला ठेवायला हवी होती आणि ठेवली नव्हती. ती एकसष्ट माणसं आता फक्त या खोक्यांत होती, आणि खोकी चार वाजता चालली होती.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते. एका शब्दाची दुरुस्ती होती. पुटचं पॅच केलं की पुढे कुणाचं काही पुसलं जाणार नव्हतं. कृष्णाबाईंचा रकाना मी आत्ता भरू शकत होते. उरलेल्या साठ जणांना डॉक्टर विचारतीलच की, सुई टोचण्याआधी विचारतातच. कुणाला कळणार होतं?

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकतीस वर्षं डॉक्टरांना फाईली हरवताना पाहिलेली बाई, तिला माझ्या मनातलं वाचायला वेळ लागला नसावा.

“वर जाऊन काय सांगायचा ता तू ठरव,” त्या म्हणाल्या. “मी काय बोलूचंय नाय. पण ट्रक गेलो तर ही माणसां तू खयसून आणतलंस?”

मी वर गेले. प्रशासक निमेशभाई शहा तेव्हा फरशीवाल्याशी फोनवर घासाघीस करत होते. फोन ठेवेपर्यंत मी थांबले आणि मग सरळ सांगितलं की चूक झाली आहे, माझी आहे, एकसष्ट पेशंटची माहिती माझ्यामुळे पुसली गेली आहे, आणि ट्रक थांबवावा लागेल. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या वनमालाताईंकडे पाहिलं. त्या कधी वर आल्या मला कळलं नव्हतं. बोलणार नाही म्हणाल्या होत्या, त्याप्रमाणे एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या.

निमेशभाई भले माणूस, पण वेळेच्या बाबतीत कडक. सोमवारी फरशी लागलीच पाहिजे, यंत्रं वाटेत आहेत. त्यांनी गोदामवाल्याला फोन केला आणि माझ्याकडे वळले. “सहा वाजेपर्यंत ट्रक थांबेल. सहानंतर मी पण नाय थांबवू शकत, हां.”

मग सुरू झालं. ताई मधोमध स्टुलावर बसल्या, मी नंबर वाचायला लागले. मी नंबर म्हणायची, त्या रॅक सांगायच्या, सहदेव त्या खडूच्या आकड्याचं खोकं ओढून आणायचा. ज्या खडूसाठी दुपारपर्यंत तो त्यांना शिव्या घालत होता तो खडू नसता तर एकेचाळीस हजार फाईलींत आम्ही एकसष्ट नंबर पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत शोधत बसलो असतो. कृष्णाबाईंनंतरची पहिली फाईल पावणेतीनला मिळाली. साडेतीनपर्यंत बारा झाल्या. मग हात बसला. प्रत्येक फाईल ताई उघडायच्या, पहिलं पान मोठ्याने वाचायच्या, मी पडद्यावर भरायची, आणि त्या पुन्हा पडदा बघायच्या. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. ते त्यांचं कामच होतं.

चहा आला तो गार झाला. मध्येच मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. लाल रेघेची अकरावी फाईल हातात होती, कुणा चौदा वर्षांच्या मीराची, आणि मी विचार केला की ही मुलगी उद्या ताप घेऊन आली असती तर?

ताईंनी मला रडू दिलं. मग पुढची फाईल उघडता उघडता म्हणाल्या की नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका देवेशचा कागद दुसऱ्या देवेशच्या फाईलीत घातला होता. पहिल्याच्या पानावर रकाना कोरा राहिला, डॉक्टरांना वाटलं काही नाही. वाचला तो, नशिबाने. लाल पेन्सिल आणि ‘विचारलं, नाही’ हे त्यानंतरचं.

“चूक कोणाच्याय हातून होता,” त्या म्हणाल्या. “पुढचो नंबर वाच.”

पाच वाजून चाळीस मिनिटांनी साठ फाईली झाल्या आणि एकसष्टावी सापडेना. तिच्या जागी पिवळं कार्ड होतं. ताईंच्या खोलीतून कोणी फाईल नेली की त्या जागी असं कार्ड ठेवलं जायचं, नेणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. कार्डावर होतं, क्ष-किरण विभाग, आठ महिन्यांपूर्वीची तारीख. मी जिन्याने धावले. ती फाईल तिथल्या टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला घातलेली निघाली. तिच्यावर लाल रेघ नव्हती. ‘विचारलं, नाही.’ इतक्या आनंदाने मी दोन शब्द आयुष्यात टाइप केले नाहीत.

एकसष्टांत सतरा लाल निघाल्या. सहाला पाच मिनिटं कमी असताना सहदेवने शेवटचं खोकं उचललं. वनमालाताई ट्रकपर्यंत गेल्या, फळी लागेपर्यंत उभ्या राहिल्या आणि हात झटकून परत आल्या. त्यांच्या हातावर खडू होता. रिकाम्या तळघरात आमचा आवाज घुमायला लागला होता.

सोमवारी कृष्णाबाईंचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुसरं प्रतिजैविक वापरलं, आणि चौथ्या दिवशी बाई घरी गेल्या. जाताना त्या तळघराकडे वळल्यादेखील नाहीत, कशाला वळतील? त्यांना काही झालंच नव्हतं. माझ्या साहेबांनी, अनिरुद्ध सरांनी, मला बंद खोलीत पाऊण तास ऐकवलं आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. नोकरी राहिली. पुटचं पॅच त्या शनिवारीच झालं होतं, आणि पुढच्या आठवड्यात मी आणखी एक बदल केला. ॲलर्जीचा रकाना कोरा ठेवून नोंद पुढे जाईनाशी केली. औषधाचं नाव घाला, नाहीतर एक बटण दाबा. बटणावर काय लिहायचं याची बैठक झाली तेव्हा मी कुणाला बोलू दिलं नाही. शब्द तयारच होते.

ताई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, सामोसे आणि एक ग्रुप फोटो, ज्यात त्या कडेला आहेत.

आठ महिन्यांनी देखभालीच्या कामासाठी मी पुन्हा त्या रुग्णालयात गेले होते. नोंदणीच्या खिडकीमागे बसून नव्या मुलीच्या, दिपालीच्या, संगणकाचं काही बघत होते. रांगेतून ओळखीचा आवाज आला. वनमालाताई गुडघा दाखवायला आल्या होत्या. दिपालीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

“आधी आला आहात का मावशी इथे?”

“इलंय,” ताई म्हणाल्या. “पण फाईल नाय.”

खरंच नव्हती. एकतीस वर्षांत डॉक्टरांनी त्यांना जाता येता बाकावर बसवून तपासलं असेल, पण त्यांच्या नावाची फाईल कधी निघाली नव्हती. एकेचाळीस हजारांत ती एक नव्हती. दिपालीने नवी नोंद उघडली. नाव, वय, पत्ता. ॲलर्जी? नाही म्हटल्यावर तिने सवयीने बटण दाबलं आणि पडद्यावर ते दोन शब्द उमटले. ताईंनी ते वाचले. पदर सारखा केला.

“जवळचं कोण, मावशी? फोन कुणाला करायचा?”

ताईंनी पडद्यावरच्या त्या रकान्याकडे पाहिलं. मागे रांग होती. दिपालीने क्षणभर वाट पाहिली आणि समजूतदारपणे म्हणाली, “राहू दे, रिकामं ठेवते. चालतं ते. नोंद झाली तुमची.”

“रिकामं नको ठेवू गो,” ताई म्हणाल्या. “लिही. विचारलं, नाही.”

मला बसवेना. इतका वेळ त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी उठून दिपालीच्या खांद्यावरून पुढे झाले आणि म्हटलं की माझं नाव घाल, आणि माझा नंबर सांगितला. ताईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, पण हसल्या नाहीत. मला वाटलं, मी आगाऊपणा केला. त्यांना न विचारता त्यांच्या फाईलीत लिहायला निघाले.

“नातं?” दिपालीने विचारलं. तोही एक रकाना होता.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला.

“सहकारी,” त्या म्हणाल्या. “आम्ही एकत्र काम केलाय.”

नोंद आधीच झालेली होती, त्यामुळे दिपालीने बटण दाबल्यावर गेली ती फक्त त्या एका जागेची दुरुस्ती, पॅच. हिरवी खूण आली. दिपालीने पुढच्या पेशंटला हाक मारली, पण वनमालाताई खिडकीतून हलल्या नाहीत. दोन्ही हात कठड्यावर टेकून त्या पुढे वाकल्या आणि नाव, वय, पत्ता, ॲलर्जी, एकेक रकाना वरून खालपर्यंत वाचत गेल्या.

“असत,” त्या म्हणाल्या. “सगळे जागेवर असत.” आणि गुडघा सांभाळत बाकाकडे गेल्या.